घरचा वॉर्ड : सिलिंडर भरलेला आहे, पाना कुठे आहे?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं औषधाबद्दल नाहीत. औषध कोणतं ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे. ते घरी पोचायचं कसं, ठेवायचं कुठे, संपत आलं हे कुणाच्या ध्यानात येणार, आणि रात्री दोन वाजता हाताशी नसलं तर काय करायचं, हे तुम्ही विचारलं आहे. मी बारा वर्षं वॉर्डात काढली आणि त्यानंतर एकोणीस वर्षं पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या गृहभेटीच्या गाडीतून मुळशी, मावळ, वेल्हे, हवेली फिरले. वॉर्डात मला जे कपाटात आयतं मिळायचं, ते घरात प्रत्येक वेळी कुणीतरी आठवण ठेवून आणलेलं असतं. म्हणून या वेळी फक्त त्या आठवणीबद्दल लिहिते.

प्रश्न : सासऱ्यांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट दम लागण्याचा आजार) आहे. घरी सोडताना डॉक्टरांनी दिवसाचे सोळा तास, दोन लिटरने ऑक्सिजन सांगितला. आम्ही हवेतून ऑक्सिजन काढून देणारं पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर यंत्र घेतलं आहे. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते ती कधी तीन तास, कधी दोन दिवस. २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर किती दिवस अंधारात होतो. इन्व्हर्टर घ्यावा की सिलिंडर? सिलिंडर घेतले तर किती?
— एक सूनबाई, दापोली तालुका

उत्तर : ताई, दोन्ही लागतील. आणि तिसरी एक गोष्ट लागेल, ती हिशोबानंतर सांगते.

पाच लिटरचं यंत्र साधारण साडेतीनशे वॅट वीज खातं. घरगुती इन्व्हर्टरला दीडशे अँपिअर-अवरची एक नवी बॅटरी असेल, तर त्यावर यंत्र तीनेक तास चालेल. बॅटरी जुनी झाली असेल तर दोन तासच धरा. त्या वेळात त्याच इन्व्हर्टरवर पंखे आणि टीव्ही चालू ठेवायचे नाहीत. घेताना दुकानदाराला ‘साइन वेव्ह’चा द्या म्हणून सांगा, कारण या यंत्रात कॉम्प्रेसर असतो आणि स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर तो नीट चालत नाही. म्हणजे रोजच्या दोन-तीन तासांच्या भारनियमनाला इन्व्हर्टर पुरेल. वादळाला पुरणार नाही.

आता सिलिंडर. ज्याला ‘बी टाइप’ म्हणतात, त्या कमरेच्या उंचीच्या सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटर म्हणजे तासाला १२०. तो साडेबारा तास चालेल. मामंजींना सोळा तास लागतो, म्हणजे दिवसाला १,९२० लिटर. एक सिलिंडर एक दिवससुद्धा पुरत नाही, आणि दोन दिवसांना जवळजवळ तीन लागतात. हा गुणाकार बऱ्याच घरांत केलेलाच नसतो. ‘एक भरून ठेवलाय’ एवढ्यावर माणसं निश्चिंत असतात. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये सात हजार लिटर मावतो, म्हणजे तुमच्या हिशोबाने साडेतीन दिवस. पण तुमच्या दारापर्यंत टेम्पो येतो, की पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) चढावं लागतं? चढावं लागत असेल तर जंबोचा विचार सोडा. रिकामा जंबोसुद्धा दोन-तीन गड्यांचं काम आहे, आणि तो भरून आणायचा दिवस नेमका पावसातला असणार. तुम्हाला तीन बी टाइप बरे. टेम्पो दारात येत असेल तर एक जंबो घरासाठी आणि एक बी टाइप प्रवासासाठी.

सिलिंडरवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा सरळ हिशोबाने उतरतो. भरलेल्याच्या निम्म्यावर काटा आला की निम्मा गॅस उरला. घरातल्या दहावीच्या मुलाला हे शिकवा, मुलं ते चटकन शिकतात आणि विसरत नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही सिलिंडर उघडून बघा. सिलिंडर आणल्यावर लगेच बघितले तरी चालतील.

इथे मला वेल्ह्यातली एक रात्र सांगायची आहे, कारण त्या रात्रीची चूक माझी होती. जुलै महिना होता. एका आजोबांच्या घरी आम्ही दोन भरलेले सिलिंडर पोचवले होते, रेग्युलेटर लावून दाखवला होता, मी माझ्या यादीवर खुणा करून निघाले होते. पहिला सिलिंडर संपला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. दुसरा भरलेला उभा होता, पण तो उघडायचा पाना आमच्याबरोबर गाडीतून परत आला होता. शेजाऱ्याने पकड लावून पाहिली, तिने व्हॉल्व्हची चौकोनी दांडी घासली गेली. आम्ही पोचेपर्यंत दोन तास गेले. आजोबा पुढे वाकून, उशी पोटाशी धरून बसले होते आणि आजी पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. ते त्यातून वाचले. पण त्या दोन तासांत भरलेला सिलिंडर त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता, हे मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून आमच्या गाडीतून निघणाऱ्या प्रत्येक सिलिंडरच्या गळ्यात नाडीने पाना बांधलेला असायचा. तुम्हीही बांधा. प्रत्येकाला वेगळा. आणि हातातला रेग्युलेटर तिन्ही सिलिंडरना बसतो ना, ते एकदा प्रत्यक्ष लावून बघा, कारण तोंडं वेगवेगळी असू शकतात.

उघडणाऱ्याच्या हाताला खोबरेल तेल, ग्रीस असलं काही नको. दाबाखालच्या ऑक्सिजनपाशी तेल पेट घेतं. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीनही लावू नका, पाण्याच्या आधाराचं मलम मागून घ्या. ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे देवाचा दिवा, उदबत्ती, चूल, विडी काहीही नको. देव त्याच खोलीत असतील तर काही दिवस देव दुसऱ्या खोलीत हलवा. बऱ्याच घरांत हे सांगताना मला संकोच वाटायचा, पण कुणीही कधी नाराज झालं नाही.

रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का दाखवणाऱ्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दलही सांगते. सीओपीडीच्या बहुतेक रुग्णांना ८८ ते ९२ हा आकडा पुरेसा असतो आणि तुमच्या डॉक्टरांनीही तसंच सांगितलं असेल. ९८ दिसावं म्हणून लिटर वाढवले तर अशा रुग्णाच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते, आणि घरच्यांना वाटतं ‘आज शांत झोपलेत’. लिटर कमी-जास्त करायचे ते डॉक्टरांना विचारूनच.

आता तिसरी गोष्ट. घरातून निघायची वेळ आज ठरवा, कोरड्या दिवशी, चहा पिताना. माझ्या मते तुमच्यासाठी ती अशी असावी : वीज जाऊन सहा तास झाले की वायरमनला फोन करून खरं काय ते विचारायचं (१९१२ वर तक्रार नोंदवायची ती वेगळी), आणि दुसरा सिलिंडर निम्म्यावर आला की गाडी सांगायची. तिसरा उघडेपर्यंत थांबायचं नाही. रस्त्यावर झाड पडलेलं असेल, पऱ्ह्याला (ओढ्याला) पाणी असेल, दीड तासाचा रस्ता चार तासांचा होईल. तो तिसरा सिलिंडर रस्त्यासाठी आहे. गाडी कुणाची, चालवणार कोण, रुग्णालय कोणतं, तिथे ऑक्सिजनची खाट आहे का हे विचारायचा नंबर कोणता, हे सगळं एका कागदावर लिहून यंत्राच्या मागच्या भिंतीला चिकटवा. यंत्र मात्र भिंतीपासून फूटभर पुढे ठेवा, त्याला हवा ओढायला जागा लागते. मामंजींना आधी विचारून घ्या. ‘मी घर सोडणार नाही’ असं ते म्हणाले तर ते आज कळलेलं बरं.

प्रश्न : आमच्या गावात अशक्तपणा वाटला की एक जण घरी येऊन सलाईन लावून जातात. ऐंशी वर्षांच्या आजींना लावून घेऊ का?
— एक वाचक, जत

उत्तर : नको. अर्ध्या लिटरच्या साखरेच्या सलाईनमध्ये पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभर कॅलरी. एका भाकरीतून आजींना त्याहून जास्त मिळेल. आणि या वयात हृदय किंवा मूत्रपिंड थकलेलं असलं तर ते पाणी फुप्फुसात साठतं. आजी जेवत का नाहीत ते डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलेलं शिरेतलं अँटिबायोटिक घरी देता येतं, आम्हीही दिलं आहे. पण त्याचा पहिला डोस रुग्णालयातच झाला पाहिजे. ज्याला ते सोसत नाही त्याला काही मिनिटांत रिॲक्शन येते, आणि त्या मिनिटांत लागणारं सामान घरात नसतं.

प्रश्न : यजमानांचं पोटाचं डायलिसिस (सीएपीडी) घरीच चालू आहे, दिवसातून तीन वेळा. डोंबिवलीत वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. महिन्याच्या पिशव्यांचे खोके आले की घरात चालायला जागा उरत नाही, म्हणून गॅलरीत ठेवते. दुसरं म्हणजे, लग्नानंतर एकही गणपती आमचा गावी सावंतवाडीला चुकलेला नाही. या वर्षी जाता येईल का? सगळे म्हणतात वेडेपणा आहे.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जाता येईल. वेडेपणा अजिबात नाही. पोटाचं डायलिसिस निवडण्याचं एक कारणच ते असतं, की आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्राला बांधलेलं राहावं लागत नाही. मात्र तयारी आजपासून करावी लागेल. आधी गॅलरी.

गॅलरीतून खोके आजच आत घ्या. ऊन नको, पावसाची झड नको. फ्रिजची गरज नाही, साधी थंड, कोरडी जागा हवी. दोन लिटरची पिशवी, तिला जोडलेल्या रिकाम्या पिशवीसकट, सव्वादोन किलो धरली तरी महिन्याच्या नव्वद पिशव्या म्हणजे दोनशे किलो. ते वजन तीन मजले चढवून आणणाऱ्या मुलाला पाणी विचारा, आणि त्याचा स्वतःचा नंबर लिहून घ्या. कंपनीच्या फोनपेक्षा तोच तुम्हाला खरं सांगेल की गाडी आज येणार की परवा. दिवाणाच्या पोटात, खाटेखाली पाटावर, कपाटाच्या माथ्याऐवजी तळाला, अशी विभागणी करा. खोक्यावर किती थर चढवायचे ते छापलेलं असतं, त्यापेक्षा उंच रचू नका. नवे खोके मागे, जुने पुढे. दीड, अडीच आणि सव्वाचार टक्के साखरेच्या पिशव्या वेगळ्या ठेवा आणि खोक्यावर स्केचपेनने मोठा आकडा लिहा. पहाटे पाचला चष्म्याशिवाय वाचता आला पाहिजे. पुरवठादाराला विचारून बघा, काही जण महिन्याचा माल दोन खेपांत देतात. तसं झालं तर निम्मं घर मोकळं होईल.

आता गणपती. अकरा-बारा दिवस राहणार असं धरते. बारा दिवसांच्या छत्तीस पिशव्या, आणि वर सहा जास्त, कारण एखादी गळकी निघते, एखादा दिवस परतीचं तिकीट पुढे जातं. बेचाळीस पिशव्या, पंचाण्णव किलोच्या आसपास. त्या तुम्ही गाडीतून न्यायच्या नाहीत. पुरवठादाराला महिना-दीड महिना आधी कळवा की पुढची खेप सावंतवाडीच्या पत्त्यावर द्या. ते शक्य नसेल तर ट्रान्सपोर्टने पाठवा, पण चतुर्थीच्या किमान पंधरा दिवस आधी माल गावी पोचलेला हवा. त्यानंतर मुंबई-गोवा रस्त्यावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. माल पोचल्यावर दीर-जाऊबाईंनी खोके उघडून पिशव्या मोजून फोटो पाठवायचा. ‘आले हो सगळे खोके’ एवढ्यावर थांबू नका. याशिवाय दोन दिवसांचं सामान, सहा पिशव्या, नळीच्या टोप्या, क्लिपा, मास्क, हे तुमच्या हातातल्या बॅगेत. ती बॅग डोक्यावरच्या फळीवर नको, पायाशी ठेवा.

प्रवास शक्यतो रात्रीच्या रेल्वेने करा. घरून निघताना एक बदल (पोटातलं जुनं पाणी काढून नव्या पिशवीतलं भरणं) करायचा, पोचल्यावर दुसरा, म्हणजे गाडीत करावा लागणार नाही. मधलं अंतर नेहमीपेक्षा वाढेल, ते यजमानांना चालेल का, हे नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना) आधी विचारा. गाडीने जाणार असाल तर वाटेत महाडला किंवा चिपळूणला कुणा नातेवाइकांची एक खोली सांगून ठेवा, दार-खिडकी बंद होणारी. पंपावर किंवा हॉटेलच्या खोलीत घाईघाईने बदल करताना हात धुणं अर्धवट राहतं, आणि हात धुणं अर्धवट राहिलं की पोटात जंतू जातात.

गावच्या घरातही एक खोली ठरवा. माजघर नको, तिथे आरतीला पंचवीस माणसं असतात. बदलाची चाळीस मिनिटं त्या खोलीत धूप नाही, पंखा नाही, मांजर नाही, हौशी पाहुणा नाही. कडी लावून घ्यायची. गावी नळाचं पाणी नसेल तर हात धुवायला वरून पाणी घालणारा माणूस ठरवून ठेवा, तांब्यात हात बुडवायचा नाही. पिशवी कोमट करायला गरम पाण्याच्या घमेल्यात टाकू नका, जोडणीपाशी ओल राहते. गरम पाण्याच्या रबरी पिशवीवर किंवा शेकायच्या पॅडवर फडक्यात गुंडाळून ठेवा. आणि विसर्जनाला यजमानांनी काठावर उभं राहायचं. तळ्यात, नदीत, समुद्रात उतरायचं नाही. पोटावर जिथून नळी बाहेर येते तिथे ते पाणी लागता कामा नये. हे त्यांना कठीण जाईल. गणपती उचलायचं काम या वर्षी पुतण्याला द्या आणि देवापुढचं गाऱ्हाणं त्यांना घालू द्या.

बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं, पोटात दुखलं, ताप आला, तर त्या दिवसाचा कार्यक्रम तिथेच थांबवायचा. ती गढूळ पिशवी फेकायची नाही, बरोबर घेऊन जायची, तिच्यातूनच तपासणी होते. कुठे जायचं ते आता ठरवा. सावंतवाडीहून कोल्हापूरपेक्षा गोव्यातलं बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तुमच्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी घेऊन ठेवा : आजार काय, कोणती पिशवी किती वेळा, ॲलर्जी कशाची, आणि त्यांचा फोन. सणाच्या गर्दीत अनोळखी डॉक्टरला ही चिठ्ठी म्हणजे मोठा आधार असतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. आई पुण्यात, वय ८१, पक्षाघातानंतर अंथरुणाला. नाकातून नळीने अन्न, लघवीची नळी, दोन पाळ्यांत दोन मावशी, फिजिओथेरपिस्ट, घरी येणारे डॉक्टर, लॅबवाला, औषधवाला. मी सगळ्याची एक्सेल शीट केली आहे, सगळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तरी दर आठवड्याला काहीतरी निसटतंच. मागच्या महिन्यात लघवीची नळी बदलायची तारीख तीन आठवडे उलटून गेल्याचं कळलं.
— एक वाचक

उत्तर : दादा, शीट तुम्ही चांगली केली असणार. पण ती तुमच्या लॅपटॉपवर आहे आणि नळी पुण्याच्या खोलीत आहे. पुण्यात संध्याकाळी सातला पाळी बदलते तेव्हा तुमच्याकडे सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. तुम्ही ऑफिसच्या वाटेवर असता. आणि गोष्टी निसटतात त्या नेमक्या त्या सातच्या ठोक्याला.

दिवसाच्या मावशींना ६.५५ ला बस पकडायची असते, रात्रीच्या मावशी ७.१० ला येतात. मधल्या पंधरा मिनिटांत ‘दुपारी दूध नळीतून नीट गेलं नाही’ ही गोष्ट हरवते. दोघींच्या पाळ्या वीस मिनिटं एकमेकींवर येतील अशा करा आणि त्या वीस मिनिटांचे पैसे दोघींना द्या. त्या वेळात दोघींनी मिळून आईंना कुशीवर करून पाठ बघायची, लघवी मोजून लिहायची, नळीची खूण नाकापाशी तिथेच आहे ना ते पाहायचं. मराठीत, हाताने, एका शंभरपानी वहीत. तुम्हाला रोज त्या पानाचा फोटो येऊ दे, एक्सेल तुम्ही त्यावरून भरा.

लघवीच्या नळीची तारीख चिकटपट्टीवर लिहून पिशवीच्या हुकालाच लावायची. साधी लॅटेक्सची नळी असेल तर काही आठवड्यांतच बदलावी लागते, सिलिकॉनची जास्त चालते. कोणती घातली आहे आणि किती दिवसांची, हे बदलणाऱ्या सिस्टरकडून त्याच वेळी वदवून घ्या. नाकातली नळी निसटली तर मावशींनी ती परत ढकलायची नाही, हे त्यांना स्वतः बोलून सांगा. घाबरून माणूस ढकलतो, आणि नळी श्वासनलिकेत गेली तर पुढचं दूध फुप्फुसात जातं. नळीतून देताना आणि नंतर अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच हवी.

ग्रुपमध्ये अकरा माणसं आहेत, पण ‘हो, आणा’ म्हणायचा अधिकार एकालाच, तुम्हाला, आणि तुम्ही झोपलेले. पुण्यातलं एक माणूस निवडा. मावसबहीण, सोसायटीतले निवृत्त काका, कुणीही. त्यांच्याकडे पैसे ठेवा आणि पाच हजारांपर्यंत मला विचारू नका म्हणून सांगा. मावशींना आठवड्याची सुट्टी आहे का? त्या दिवशी कोण येतं? त्यांना जेवायला टेबल आणि रात्री पाठ टेकायला गादी आहे का? पलंगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बारा तास काढलेल्या बाईने पहाटे चारला आईंना न चुकता कूस बदलून द्यावी, ही अपेक्षा मला धरता येत नाही. दिवाळीत त्या गावी जाणार आहेत हे सप्टेंबरमध्ये विचारा.

प्रश्न : वडिलांना आम्ही घरी आणलं, तर भाऊबंद म्हणतात, ‘घरी आणलं म्हणजे हात वर केले.’ काय सांगू?
— एक वाचक, वाई

उत्तर : त्यांना गडचिरोलीची गोष्ट सांगा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्यांनी घरोघरी जाऊन बाळांचं वजन केलं, ताप मोजला, बाळांना ऊब दिली, जंतुसंसर्ग झाल्यावर इंजेक्शनसुद्धा दिलं. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या गृहभेटी त्याच वाटेवरून गेल्या : तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. दिवस ठरलेले, पिशवीतलं सामान ठरलेलं, रुग्णालयात पाठवायचं कधी तेही ठरलेलं. तुमच्या वडिलांसाठीही हे तिन्ही ठरवलंत, तर भावकीला उत्तर द्यायची पाळी येणार नाही. त्यांना पाळीपाळीने एकेक रात्र जागायला बोलवा.

प्रश्न : आईला तोंडाचा कर्करोग आहे, आता उपचार थांबवून फक्त वेदना कमी ठेवायच्या असं मुंबईच्या रुग्णालयाने सांगितलं. मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दर चार तासांनी चालू आहेत, झोपताना दोन. त्याने तिला खरंच बरं वाटतं, ती बोलते, चहा पिते. पण आमच्याकडे अंबाजोगाईला एकाही मेडिकलमध्ये ती गोळी मिळत नाही. दर महिन्याला मुंबई. मागच्या महिन्यात गोळ्या दोन दिवस आधी संपल्या. ते दोन दिवस सांगता येत नाहीत.
— एक मुलगा, जि. बीड

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ते दोन दिवस पुन्हा येऊ नयेत एवढ्याच कामाला लागू.

ही गोळी दुकानात का नाही, ते आधी समजून घे, म्हणजे मेडिकलवाल्यावर राग राहणार नाही. मॉर्फिन १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात येतं. पूर्वी ते ठेवायला रुग्णालयाला अनेक परवाने लागत, म्हणून बहुतेकांनी नादच सोडला. २०१४ मध्ये कायदा बदलला, आणि आता मान्यता मिळालेली संस्था ते ठेवू शकते. तेव्हा मुंबईच्या रुग्णालयातल्या पॅलिएटिव्ह (वेदना कमी ठेवण्याच्या) विभागात पुढच्या वेळी थेट विचार : ‘आमच्या जवळ मान्यता असलेली संस्था कोणती? तिथल्या डॉक्टरांच्या नावे पत्र द्याल का?’ अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि बीडचं जिल्हा रुग्णालय, दोन्हीकडे चौकशी कर. लातूर, छत्रपती संभाजीनगरही विचार. फोनवर ‘नाही’ आलं तर कागद घेऊन स्वतः जा. फोन उचलणाऱ्याला बऱ्याचदा माहीत नसतं.

तोवर मोजणी. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दोन. दिवसाला सहा गोळ्या, महिन्याला १८०. पण मधेच दुखलं तर जास्तीची गोळी द्यायला डॉक्टरांनी सांगितलंय ना? तीच मोजणीत धरलेली नसते, आणि त्यामुळेच तुझ्या गोळ्या दोन दिवस आधी संपल्या असं मला वाटतं. दोन दिवस म्हणजे बारा गोळ्या. महिन्यात बारा वेळा मधे दुखलं असेल. प्रत्येक जास्तीची गोळी वेळेसकट लिही. त्या वहीवरून डॉक्टर पुढच्या खेपेला जास्त गोळ्या तर देतीलच, रोजचा डोस वाढवायला हवा का तेही त्यांना कळेल. ‘आई सहन करते’ म्हणून लिहिणं टाळू नकोस.

गोळ्यांचे दोन डबे कर. एकात वीस दिवसांच्या, दुसऱ्यात उरलेल्या. दुसरा डबा उघडायचा दिवस तोच मुंबईच्या गाडीचं तिकीट काढायचा दिवस. दुसऱ्या डब्यातून एक गोळी बाहेर आली आणि तिकीट निघालेलं नाही, असं होऊ द्यायचं नाही. डबे कुलपात ठेव, किल्ली दोघांकडे असू दे. तू मुंबईला असताना आईजवळ कोण, त्याला गोळ्यांच्या वेळा माहीत आहेत का? तोंडाच्या आजारात गिळणं अचानक बंद होऊ शकतं, तेव्हा गोळी कशी द्यायची हे या खेपेलाच विचारून घे. आणि पोट साफ होण्याचं औषध मॉर्फिनइतकंच नेमाने हवं. ते संपलं म्हणून कुणी धावत नाही, आणि चार दिवसांनी पोट फुगल्यावर घरचे मॉर्फिनच बंद करतात. ते एकदम बंद करायचं नाही.

दिवाळीच्या आठवड्यात बाह्यरुग्ण विभाग काही दिवस बंद असू शकतो. सुट्ट्यांचे दिवस आताच विचारून कॅलेंडरवर काट मार आणि त्याआधीचा वार पक्का कर. पुढे कधीतरी काही गोळ्या उरतील. शेजारच्या कुणाला दुखतंय म्हणून त्यातली एकही देऊ नकोस. मोजून, वहीसकट रुग्णालयात परत नेऊन दे. वही मात्र त्यांच्याकडून परत मागून घे, तिच्यात आईने चहा प्यायल्याचे दिवसही लिहिलेले असतील.